कोळसा आपला, मोजमापही आपलंच हवं

हवामानबदलावर गांभीर्याने बोलणाऱ्या आपल्याकडच्या जाणत्या माणसांमध्ये अलीकडे एक युक्तिवाद मूळ धरू लागला आहे. तो वरवर देशाभिमानाचा वाटतो, म्हणूनच तो खोडून काढणं मला आवश्यक वाटतं. युक्तिवाद असा : हवेतला कार्बनचा साठा केला तो युरोप-अमेरिकेने, दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून. हिशेब देण्याची वेळ मात्र आता आपल्यावर आली. पॅरिस कराराच्या तेराव्या कलमाखाली दर दोन वर्षांनी हरितगृह वायूंचा तपशीलवार अहवाल द्यायचा आणि त्यासाठी शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा, नोंदव्यवस्था उभी करायची. हा खर्च गरीब देशाने का सोसावा? तोच पैसा सौर पंपांवर, बंधाऱ्यांवर, दुष्काळी तालुक्यांवर लावावा. आकडे हवेच असतील तर ते आयते मिळतात. इटलीतल्या इस्प्रा इथलं युरोपीय आयोगाचं संशोधन केंद्र सगळ्या देशांचे आकडे प्रसिद्ध करतं. उपग्रह वरून पाहतच आहेत. उरलेलं काम सल्लागार कंपन्या करून देतील.

यातला पहिला भाग खरा आहे आणि त्यावर माझा वाद नाही. हवेतल्या जुन्या साठ्याची जबाबदारी श्रीमंत देशांची आहे, आणि ती दर वाटाघाटीत ठणकावून सांगितली पाहिजे. पण त्यातून मोजदाद इतरांवर सोडून द्यावी असा जो निष्कर्ष काढला जातो, तो इतिहासाने एकदा खोटा ठरवलेला आहे. ती हकीकत आपल्याच देशातली आहे आणि ती विसरली गेली आहे.

१९९०च्या सुमारास, म्हणजे रिओची वसुंधरा परिषद अजून व्हायची होती तेव्हा, कोणत्या देशाचा दोष किती हे ठरवण्याची घाई सुरू झाली. अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने आपल्या अहवालात भारताला जगातल्या पहिल्या पाच प्रदूषकांच्या पंक्तीत बसवलं. त्या गणितात भारताच्या कोळशाबरोबरच ठळक ठरली ती भातशेती आणि गुरं. पाण्याने भरलेल्या खाचरात प्राणवायू नसतो. तिथल्या चिखलातले जिवाणू कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन तयार करतात आणि तो भाताच्या रोपाच्या पोकळ दांड्यातून हवेत जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेव्हा काढलेला अंदाज असा होता की भारतातली भातखाचरं वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन मिथेन सोडतात. हा आकडा भारतात मोजलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतल्या शेतांवर घेतलेली मोजमापं भारताच्या भातक्षेत्राला लावून तो काढला होता.

त्याला दोन उत्तरं मिळाली आणि दोन्ही महत्त्वाची आहेत. एक दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटमधून. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१मध्ये एक पुस्तिका काढून या वाटणीलाच पर्यावरणीय वसाहतवाद म्हटलं. पृथ्वीच्या शोषणक्षमतेवर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क धरला तर भारताचं चित्र किती बदलतं, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. त्या पुस्तिकेचं नाव आजही घेतलं जातं. दुसरं उत्तर कमी लोकांना ठाऊक आहे. ते राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे आशेष प्रसाद मित्रा यांचं. मित्रा हे मूळचे आयनांबराचे, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराचे अभ्यासक. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचं (सीएसआयआर) महासंचालकपद भूषवलेल्या या माणसाने १९९१च्या हंगामात देशभरातल्या संस्थांना भातखाचरात उतरवलं.

ते काम कसं चालतं हे जवळून पाहण्यासारखं आहे. खाचरात ॲल्युमिनियमची चौकट चिखलात रोवून ठेवतात. तिच्या कडेने पन्हळ असते, ती पाण्याने भरायची. त्या पन्हळीत ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, म्हणजे चार-सहा चुडं आत कोंडली जातात आणि पाण्यामुळे हवा बाहेर निसटत नाही. मग घड्याळ लावून ठरावीक मिनिटांनी इंजेक्शनच्या सिरिंजने आतली हवा ओढायची, कुपीत भरायची, प्रयोगशाळेत नेऊन गॅस क्रोमॅटोग्राफवर मिथेनचं प्रमाण काढायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. लावणीपासून कापणीपर्यंत. चौकटीपर्यंत जाताना चिखलात पाय पडला तर दाबाने वायूचे बुडबुडे सुटतात आणि तो नमुना वाया जातो, म्हणून आधी फळ्या टाकून पायवाट करावी लागते. गुडघाभर चिखल, जळवा आणि पाऊस यांत हे सगळं.

निष्कर्ष आला तो वर्षाला सुमारे ४० लाख टनांचा. अमेरिकी अंदाजाच्या जवळजवळ नववा हिस्सा. कारणं साधी होती आणि कोणत्याही शेतकऱ्याने ती सांगितली असती : आपली बरीच भातशेती पावसावर चालते, खाचरात पाणी सतत उभं राहत नाही, मधूनमधून जमीन उघडी पडते. जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी. पेंढा शेतात गाडला जात नाही, तो गुरांच्या दावणीला जातो. पण शेतकऱ्याचं सांगणं आंतरराष्ट्रीय टेबलावर चालत नाही. तिथे चालते पद्धत लिहून ठेवलेली, पुन्हा करून पाहता येणारी मोजणी.

या फरकाचं वजन किती, हे मी हिशेब करून पाहिलं. सुमारे ३ कोटी ४० लाख टन मिथेनचा फरक. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या आपल्या पहिल्या राष्ट्रीय अहवालात मिथेनचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे २१ टन धरले होते, त्या मापाने हा फरक ७१ कोटी टनांचा होतो. त्याच अहवालानुसार १९९४ साली भारताचं सगळं उत्सर्जन, कारखाने, वीज, रेल्वे, शेती, कचरा धरून, जवळपास १२३ कोटी टन होतं. म्हणजे केवळ एका पिकाबद्दलच्या परक्या अंदाजाने देशाच्या आकड्यात एकूण उत्सर्जनाच्या निम्म्याहून जास्त नाहक भर घातली असती. मित्रांची माणसं चिखलात उतरली नसती तर रिओ, क्योतो आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत भारताचा प्रतिनिधी तो आकडा पाठीवर घेऊन बसला असता. समन्यायाचा नैतिक युक्तिवाद कितीही भक्कम असला, तरी त्याला असा आकडा खोडून काढता आला नसता. अग्रवाल-नारायण यांचा हक्काचा मुद्दा आणि मित्रांचं मोजमाप एकमेकांवाचून अपुरे होते. आज पहिल्याचा हवाला देऊन दुसऱ्याची गरज नाकारली जाते, हे मला खरोखर दुःखाचं वाटतं.

आता कोळशाकडे येऊ, कारण देशाच्या उत्सर्जनाचा गाभा तो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६च्या मार्गदर्शिकेत ज्यांच्याकडे स्वतःची मोजमापं नाहीत अशा देशांसाठी तयार गुणांक दिलेले आहेत. सर्वसाधारण बिटुमिनस कोळशाच्या दर टनामागे २५.८ गिगाज्यूल उष्णता, आणि दर गिगाज्यूलमागे २५.८ किलो कार्बन. भारतीय कोळसा तसा नाही. त्यात राख तीस ते पंचेचाळीस टक्के. धनबादच्या इंधन संशोधकांनी नमुने जाळून, मोजून काढलेले आणि पहिल्या राष्ट्रीय अहवालात वापरलेले आकडे वेगळे आहेत : विजेसाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशात उष्णता १९.६३ गिगाज्यूल, कार्बन गिगाज्यूलमागे २६.१३ किलो. दोन्हींचा गुणाकार करून पाहा. तयार गुणांकाने एक टन कोळसा जाळला की २.४४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आपल्या मोजमापाने १.८८ टन. फरक अर्ध्या टनाहून जास्त. देशातलं कोळशाचं उत्पादन २०२४-२५मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. त्या सगळ्याला परका गुणांक लावला तर ढोबळमानाने ५६ कोटी टनांची चूक होते. भारताच्या संपूर्ण शेतीक्षेत्राचं, गुरं, भात, खतं सगळं धरून, २०२० सालचं उत्सर्जन सुमारे ४० कोटी टन होतं. ही चूक त्याहून मोठी आहे, आणि ती फक्त राखेचं प्रमाण न मोजल्यामुळे होते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की इस्प्राचे किंवा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे आकडे इतके चुकत नाहीत. बरोबर. ते चुकत नाहीत कारण भारतातून गेलेली ऊर्जेची आकडेवारी त्यांच्या खाली असते. किती टन कोळसा निघाला, तो कोणत्या प्रतीचा होता, किती डिझेल विकलं गेलं, गुरं किती, ही माहिती इस्प्रामध्ये तयार होत नाही. ती चंद्रपूरच्या खाणीत, पशुगणनेच्या प्रगणकाच्या वहीत, तेल कंपनीच्या डेपोत तयार होते. आयता मिळणारा आकडा आयता नसतो. तो आपल्याच कच्च्या मालावर उभा असतो. कच्चा माल द्यायचा आणि पक्क्या मालासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं, या व्यवहाराविरुद्ध दादाभाई नौरोजींच्या काळापासून आपण बोलत आलो. वायूंच्या बाबतीत तोच व्यवहार शहाणपणाचा कसा ठरतो?

गुरांचंही तसंच आहे, पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. आयपीसीसीच्या त्याच मार्गदर्शिकेने भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईसाठी वर्षाला ५८ किलो मिथेन धरला आहे. भारताने पहिल्या राष्ट्रीय अहवालासाठी खाद्य, वजन आणि दूध यांच्यावरून काढलेला आकडा देशी दुभत्या गाईला २८ किलो आणि संकरित गाईला ४३ किलो असा आला. म्हशीच्या बाबतीत मात्र तयार आकडा ५५ आणि आपला ५०, म्हणजे फारसा फरक नाहीच. गाय-म्हशी मिळून देशात ३० कोटींहून जास्त जनावरं आहेत. कुठे फरक निम्म्याचा आणि कुठे जवळजवळ शून्य, हे घरबसल्या सांगता येत नाही. गाईच्या गळ्यात नमुन्याचा डबा अडकवून, तिच्या पोटात मापाचा वायू सोडणारी नळी ठेवून दिवसचे दिवस मागे फिरावं लागतं.

उपग्रहांचा मुद्दा अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण उपग्रह खरोखर उपयोगी आहेत. पण त्यांच्या मर्यादा भारतात नेमक्या कुठे येतात, हे त्यांचे इथले समर्थक सांगत नाहीत. मिथेन मोजणारे बहुतेक उपग्रह जमिनीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश वाचतात. ढगातून त्यांना दिसत नाही. आपलं खरीप भात जूनमध्ये पेरलं जातं आणि जुलै-ऑगस्टमध्ये खाचरं तुडुंब असतात, तेव्हा सह्याद्रीपासून बंगालपर्यंत आभाळ भरलेलं असतं. म्हणजे मिथेन सर्वांत जास्त निघतो त्या आठवड्यांत वरून पाहणारा जवळजवळ आंधळा असतो. त्याला खालून साक्ष लागते. अशी साक्ष देणारी ठिकाणं आपल्याकडे उभी राहिली : लडाखमधलं हान्ले, गोव्यातलं काबो द राम, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९पासून सिंहगडावर चालवलेलं केंद्र. सिंहगडावर आठवडी सुट्टीला पिठलं-भाकरीसाठी जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की तिथे कुप्यांमध्ये भरलेल्या हवेतून आपल्या मान्सूनने वाहून आणलेला कार्बन वाचला जातो? देशाच्या आकारमानाच्या मानाने अशी केंद्रं फार थोडी आहेत.

जमिनीवरचं आणि वरचं मोजमाप एकत्र आलं की काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण २०१७चं आहे. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनिता गणेशन आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरची केंद्रं, विमानातली मोजमापं आणि जपानी उपग्रह यांची सांगड घालून २०१० ते २०१५ या काळात भारताचा मिथेन वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख टन असल्याचं दाखवलं. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांना कळवलेल्या आकड्याशी तो जुळला. देशोदेशींच्या उत्सर्जनाच्या जागतिक यादीतला आकडा त्याहून बराच चढा होता. मित्रांनी १९९१मध्ये सुरू केलेल्या शिस्तीला वातावरणानेच दिलेली ही पावती होती. पण घरचा आकडाच नसता तर ती पावती कशाशी ताडून पाहिली असती?

शिवाय दुसऱ्याचं मोजमाप दुसऱ्याच्या मर्जीवर चालतं. मिथेन शोधण्यासाठी मार्च २०२४मध्ये सोडलेल्या मिथेनसॅट या उपग्रहाशी जून २०२५मध्ये संपर्क तुटला. वर्षानुवर्षं १५ एप्रिलच्या मुदतीत आपल्या उत्सर्जनाची यादी देणाऱ्या अमेरिकेने २०२५मध्ये ती मुदत पाळली नाही. शास्त्रज्ञांनी काम केलेलं होतं, सरकार बदललं होतं. ज्या देशाने आपल्या भाताचा आकडा आपल्याला सांगितला होता, तोच देश आता स्वतःचा आकडा प्रसिद्ध करायला तयार नव्हता. अशा भरवशावर राष्ट्रीय धोरण उभं करा, असं आपल्याला सांगितलं जात आहे.

आतापर्यंतची उदाहरणं भारताच्या बाजूची होती. इथे थांबलो तर मी प्रतिपक्षाइतकाच अपुरा ठरेन. स्वतःची मोजदाद करण्याची क्षमता म्हणजे स्वतःला सोयीचा आकडा काढण्याची मुभा नव्हे. चीनकडे पाहावं. २०१५मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासाने दाखवलं की चिनी कोळशाचे गुणांक आयपीसीसीच्या तयार आकड्यांपेक्षा सरासरी ४० टक्के कमी आहेत. त्याच वर्षी चीनच्या सांख्यिकी खात्याने मागच्या अनेक वर्षांचा कोळशाचा खप वाढवून मांडला, काही वर्षांत तर १७ टक्क्यांपर्यंत. एक दुरुस्ती आकडा खाली नेणारी, दुसरी वर. दोन्ही मान्य करता येणं, ही खरी क्षमता.

ही कसोटी आपल्याकडे लावायची तर मुंबईचंच घ्या. महापालिकेने मार्च २०२२मध्ये हवामान कृती आराखडा आणला, त्याबद्दल तिचं मनापासून कौतुक केलं पाहिजे. त्यात २०१९ सालासाठी शहराचं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन, आणि त्यातला कचऱ्याचा वाटा ८ टक्के, म्हणजे साधारण १९ लाख टन धरला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये नेदरलँड्सच्या अवकाश संशोधकांचा अभ्यास आला. उपग्रहांनी टिपलेल्या मोजमापांत मुंबईतल्या कांजूरमार्गच्या एका कचराभूमीतून ताशी ९.८ टन मिथेन सुटताना दिसला. तो वेग वर्षभर तसाच धरला तर सुमारे ८६ हजार टन होतात. कार्बन डायऑक्साइडच्या मापात, म्हणजे मिथेनला आता वापरल्या जाणाऱ्या २८ने गुणलं तर, जवळजवळ २४ लाख टन. एका जागेचा आकडा सगळ्या शहराच्या कचऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा. वर्ष वेगळं आहे, काही निवडक निरीक्षणांवरून वर्षाचा अंदाज करणं धोक्याचं आहे, हे मला कळतं. पण मग खरा आकडा कोणता? तो सांगायला कचराभूमीच्या उतारांवर पेट्या ठेवून, ऋतू बदलताना, पाऊस पडून गेल्यावर मोजणारी कायमची तुकडी हवी. भाताच्या चाळीस लाख टनांचा अभिमान बाळगणाऱ्याला कांजूरमार्गचे ९.८ टन नाकारता येणार नाहीत. नाकारायचे असतील तर मोजून नाकारावे.

जंगलाच्या बाबतीत हीच कसोटी अधिक अवघड आहे. भारताच्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालानुसार २०२०मध्ये वनं आणि जमीनवापर यांनी सुमारे ५२ कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषला. त्यामुळे २९५.९ कोटी टनांचा एकूण आकडा निव्वळ २४३.७ कोटींवर येतो. एवढी मोठी वजावट ज्या मोजणीवर उभी आहे, तिच्यात वनआच्छादन म्हणजे एक हेक्टरहून मोठा, दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेला कोणताही तुकडा. झाड कोणतं, जमीन कुणाची, हे पाहिलं जात नाही. रत्नागिरीतली हापूसची बाग आणि आंबोलीचं सदाहरित रान या व्याख्येत शेजारी बसतात. दोन्हींत साठलेला कार्बन सारखा नाही आणि टिकणारही सारखा नाही. हा प्रश्न परदेशी टीकाकाराने विचारण्याआधी आपल्या वनशास्त्रज्ञांनी आकड्यांसकट सोडवावा, यातच देशाचं हित आहे.

मग आपली क्षमता नेमकी कुठे कमी पडते? शास्त्रज्ञांत नव्हे. ती कमी पडते सातत्यात. तारखा पाहा. १९९४चा आकडा २००४मध्ये दिला गेला. २००० सालचा २०१२मध्ये. पुढे अंतर कमी झालं : २०१०चा २०१६मध्ये, २०१४चा २०१८मध्ये, २०१६चा २०२१मध्ये, २०१९चा डिसेंबर २०२३मध्ये, २०२०चा डिसेंबर २०२४मध्ये. मधल्या काळात २०१०च्या मे महिन्यात पर्यावरण मंत्रालयाने, जयराम रमेश मंत्री असताना, २००७ सालची यादी काढली. १७ संस्थांतले ८०हून अधिक शास्त्रज्ञ तिच्यात होते. इच्छा असली की तीन वर्षांत काम होतं, हे तेव्हाच सिद्ध झालं. पण या वर्षांच्या ओळीत २००५ नाही. आणि २०३०पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करण्याचं आपलं वचन मोजायचं आहे ते २००५पासून. एकेका वर्षाची सुटी छायाचित्रं जोडून चालत नाही, सलग मालिका लागते. नवी पद्धत आली की मागची सगळी वर्षं त्याच पद्धतीने पुन्हा मोजावी लागतात. जुनी गणितपत्रकं, कोणता आकडा कोणी, कुठून, का घेतला याच्या नोंदी जपलेल्या असतील तरच ते शक्य होतं.

प्रकल्पपद्धतीत त्या जपल्या जात नाहीत. हे काम अनेक वर्षं मुख्यतः जागतिक पर्यावरण निधीच्या अनुदानावर, अहवालागणिक चाललं. अनुदान मंजूर होतं, संस्थांना कामं वाटली जातात, तरुण संशोधक दोन-तीन वर्षांच्या करारावर येतात, शिकतात, अहवाल जातो, करार संपतो. गुणांक कसा काढला हे ज्याला तोंडपाठ आहे तो मुलगा पुढच्या अहवालाच्या वेळी दुसऱ्या शहरात दुसरं काही करत असतो, आणि त्याच्या जागी आलेली मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. सल्लागार कंपनीला काम दिलं तर ही गळती वाढते, कारण तिथे पद्धत ही कंपनीची मालमत्ता होते. जपानने २००२मध्ये त्सुकुबा इथल्या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेत याच कामासाठी कायमचं कार्यालय उघडलं आणि ते आजही दरवर्षी यादी काढतं. राष्ट्रीय सूची-व्यवस्थापनाची व्यवस्था उभारण्याची भाषा आपल्याही सरकारी कागदांत वर्षानुवर्षं आहे. ती अर्थसंकल्पातल्या ओळीत, भरलेल्या पदांत आणि माहिती देणं खात्यांवर बंधनकारक करणाऱ्या कायद्यात उतरली पाहिजे. कोळसा, पोलाद, खतं, पशुसंवर्धन, वन ही खाती आपापली आकडेवारी आपापल्या सोयीने देतात. पर्यावरण मंत्रालयाने विनंतीपत्रं पाठवत राहायची, ही रीत बंद झाली पाहिजे.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. काही डझन कायम पदं, पाच-सहा प्रयोगशाळांची यंत्रं, हवेच्या नमुन्यांची आणखी काही केंद्रं. कोणत्याही एका उड्डाणपुलाशेजारी हा खर्च ठेवून पाहावा. उलट न मोजण्याचा खर्च आता थेट बिलात येऊ लागला आहे. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार १ जानेवारी २०२६पासून प्रत्यक्ष लागू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं यांच्या निर्यातदाराकडे पडताळलेला आकडा नसेल तर युरोपने ठरवलेला तयार आकडा लागू होतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. पूर्वी खळ्यावर धान्य मोजताना पायली कुणाची यावरून कुळाचं वर्ष ठरायचं. सावकाराची पायली चालवून घेऊ नये म्हणून लोक भांडले. कारखानदारांच्या संघटना आज या आकाराविरुद्ध बोलतात ते रास्तच आहे, पण देशात पडताळणी करणारी माणसं आणि मान्यताप्राप्त गुणांक तयार करा, ही मागणीही त्यांनी तितक्याच जोराने केली पाहिजे.

आणि हे केवळ दिल्लीचं काम नाही. उसाचं पाचट शेतात पेटवणं, साखर कारखान्यांशेजारच्या मद्यार्कनिर्मितीच्या सांडपाण्याची तळी, विदर्भातल्या खाणींतून निसटणारा वायू, गावोगावच्या वीटभट्ट्या, यांचे महाराष्ट्रातले गुणांक दुसऱ्या राज्यातून उसने आणून चालणार नाहीत. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राहुरीचं कृषी विद्यापीठ, दापोलीचं कृषी विद्यापीठ, कर्जतचं भात संशोधन केंद्र यांच्याकडे शेतं आहेत, शिकलेली माणसं आहेत. राज्याने त्यांना ठरवून, सलग दहा वर्षांसाठी हे काम नेमून द्यावं आणि दर वर्षीचे आकडे गणितपत्रकांसह जाहीर करावेत.

याची निकड शेतकऱ्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. भातखाचर मधूनमधून सुकवलं तर मिथेन कमी होतो, म्हणून त्याचे कार्बन क्रेडिट विकून पैसे देऊ, असं सांगणाऱ्या योजना देशात फिरत आहेत. व्हेरा या जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदणीसंस्थेने २०२४मध्ये चीनमधले असे ३७ भातप्रकल्प नामंजूर केले. आपल्याकडे कोकणातल्या मुसळधार पावसात खाचर सुकवणं मुळात किती दिवस शक्य आहे, लाल जांभ्याच्या जमिनीत त्याने नेमका किती मिथेन वाचतो, आणि सुकवताना नायट्रस ऑक्साइड हा दुसरा हरितगृह वायू किती वाढतो, हे मोजल्याशिवाय अशा कंपनीने पुढे केलेल्या करारावर सही करणं म्हणजे तिच्या आकड्यावर सही करणं आहे. भात लावणाऱ्याच्या वाट्याला किती पैसे येणार ते या तीन उत्तरांवर ठरेल. ती उत्तरं कर्जत-दापोलीच्या चिखलात पेटी ठेवून कुणीतरी काढलेली असली पाहिजेत, आणि ती काढणाऱ्याचा पगार प्रकल्प संपला म्हणून थांबता कामा नये.